उद्यमनगरात आरडी ३५० चं इंजिन बांधून घेताना: हात पक्का, सवय डिझेलची

राजदूत आरडी ३५० या जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडायची वेळ आली की बरेच जण आधी पुण्याला किंवा बेंगळुरूला फोन लावतात. कोल्हापुरातल्या माणसाला त्याची फारशी गरज नाही. शिवाजी उद्यमनगरात चालत फिरता येईल एवढ्या अंतरात बोअरिंग, होनिंग (सिलिंडरची भिंत दगडाने घासणं), क्रँक प्रेस, लेथ, ॲल्युमिनियम वेल्डिंग सगळं होतं. लायनरसाठी (सिलिंडरच्या आतल्या नळीसाठी) चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हवं असेल तर शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या जवळच आहेत. मशीनवरचा हात पक्का आहे, पण तो उसाचे चरक, ऑइल इंजिन आणि ट्रॅक्टर यांच्यावर बसलेला आहे. आरडी म्हणजे हवेवर थंड होणारं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. डिझेलची सवय त्याला जशीच्या तशी लावली की काम सफाईदार होतं आणि गाडी महिन्याभरात चिकटते, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकतो.

दुकानांची नावं मुद्दाम टाळली आहेत. मशीनवर मालक उभा असेल तेव्हा होणारं काम आणि नवीन पोरगा असेल तेव्हा होणारं काम, यांत एकाच दुकानात फरक पडतो. म्हणून परीक्षण दुकानागणिक न करता कामागणिक केलं आहे.

आधी बोअरिंग, म्हणजे सिलिंडरचं भोक मापाने मोठं करणं. यात उद्यमनगर अव्वल आहे. आरडीचा मूळ बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी, दोन्ही मिळून ३४७ सीसी. ओव्हरसाइज पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे येतात, म्हणजे ६५ मिमीला ब्लॉकचं (सिलिंडरचं) आयुष्य संपतं. इथले चांगले बोअरवाले वर, मध्ये, खाली आणि आडवं-उभं असं बोअर गेजने मोजून दाखवतात. कुठेही एक शतांश मिमीपेक्षा जास्त फरक दिसत नाही. मात्र दोन गोष्टी तुम्हाला सांगाव्याच लागतात.

पहिली म्हणजे क्लिअरन्स, पिस्टन आणि बोअरमधली मोकळीक. "पिस्टन सोडला की आपसूक खाली सरकला पाहिजे" हे माप डिझेलवाल्यांच्या बोटांत बसलेलं आहे, ते इथे चालत नाही. आरडीच्या कास्ट पिस्टनला ०.०४० ते ०.०४५ मिमी लागतं, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत दीड ते पावणेदोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग). फोर्ज्ड पिस्टन जास्त फुगतो, त्याला त्याच्या डब्यावर लिहिलेलं माप द्यायचं, ते नेहमी मोठं असतं. पिस्टन मोजायचा तो स्कर्टच्या खालच्या काठापासून सुमारे १० मिमी वर, गजन पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) काटकोनात. डोक्याजवळ मोजला तर तो बारीकच भरणार, कारण तो मुळातच निमुळता घडवलेला असतो. प्रत्येक ब्लॉक त्याच्याच पिस्टनला मापून बोअर करायचा. दोन पिस्टन एका डब्यातून आले म्हणून एकाच मापाचे असतील असं गृहीत धरू नका. पिस्टन हातात दिल्याशिवाय बोअर करून घेऊ नका, "पन्नासचा (०.५० ओव्हरसाइज) बोअर करून ठेवतो, पिस्टन नंतर आणा" याला साफ नाही म्हणा.

दुसरी गोष्ट पोर्टच्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या, कडा. डिझेलच्या लायनरच्या भिंतीला खिडक्या नसतात, त्यामुळे बोअर करून होन मारला की काम झालं असं इथे समजलं जातं. टू-स्ट्रोकमध्ये रिंग प्रत्येक फेऱ्यात एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर पोर्टच्या खिडक्यांवरून जाते. तिथे ती किंचित बाहेर फुगते आणि धारदार कडेला अडते. बोअरिंगनंतर प्रत्येक पोर्टच्या वरच्या-खालच्या कडेला साधारण अर्ध्या मिमीचा तिरका उतार देऊन तो बारीक एमरीने गुळगुळीत करायला हवा. ब्लॉक घरी आणल्यावर करंगळीचं नख पोर्टच्या काठावरून फिरवा. नख सोललं गेलं तर रिंगही तुटणार. हे काम बहुतेक ठिकाणी सांगितल्यावरच होतं आणि सांगितलं तर नीट होतं, फारतर "एवढं कशाला?" असा एक प्रश्न येतो. रिंगेचा गॅप ब्लॉकमध्ये घालून फीलरने बघा: ०.३ मिमीच्या आसपास ठीक, ०.२ च्या खाली असेल तर बारीक कानसीने घासून काढा.

होनिंगच्या दगडाची पूड हा उद्यमनगरातला सगळ्यात सार्वत्रिक दोष. ब्लॉक डिझेलने धुऊन, हवा मारून परत देतात. डिझेलने ती पूड निघत नाही, ती होनच्या रेघांत बसून राहते. गरम पाणी, कपड्याचा साबण आणि ब्रश. पांढरं फडकं आतून फिरवल्यावर पांढरंच निघेपर्यंत. मग लगेच टू-टी (टू-स्ट्रोकच्या) तेलाचा हात, नाहीतर पावसाळ्यात तासाभरात बीडावर तांबूस छटा येते.

लायनरवर जरा थांबायला हवं, कारण इथे कोल्हापूरची ताकद आणि कोल्हापूरची सवय एकमेकांना भिडतात. ६५ मिमीच्या पुढे गेलेल्या ब्लॉकला नवं लायनर घालणं हा बऱ्याच गाड्यांचा शेवटचा उपाय उरला आहे, कारण चांगले जुने ब्लॉक मिळेनासे झालेत. बीड इथलं उत्तम, टर्निंग उत्तम. चूक होते ती फिटात. ट्रॅक्टरचा ब्लॉक बीडाचा, लायनरही बीडाचं. दोन्ही सारखेच फुगतात, म्हणून तिथे हलका फिट पुरतो. आरडीचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे आणि ॲल्युमिनियम बीडाच्या दुप्पट फुगतं. लायनरचा बाहेरचा व्यास ७० मिमी धरला, तर दर १०० अंश तापमानाला ब्लॉकचं भोक लायनरपेक्षा सुमारे ०.०८ मिमी जास्त मोठं होतं. ट्रॅक्टरच्या हिशोबाने बसवलेलं लायनर गार असताना घट्ट असतं आणि गाडी तापली की सैल होतं. सैल झालं की उष्णता ब्लॉकवरच्या थंड करणाऱ्या फिन्सपर्यंत पोचत नाही, पिस्टन चिकटतो आणि दोष तेलावर ढकलला जातो. कधीकधी लायनर किंचित फिरतं आणि पोर्टच्या खिडक्या सरकतात. त्यामुळे फिट किती ठेवणार हे आधी विचारा आणि आकडा कागदावर घ्या, ०.१० मिमीच्या आसपासचा आकडा ऐकू आला तर समोरच्याला ॲल्युमिनियम कळतं असं समजा. ब्लॉक भट्टीत २०० अंशांच्या आसपास एकसारखा तापवून, लायनर गार ठेवून, ते एका दमात सरकवायचं असतं. प्रेसखाली ठोकून बसवलेलं लायनर ॲल्युमिनियमला ओरखडत जातं. लायनरला वरच्या बाजूला कॉलर हवीच.

खिडक्या कापणं हे त्याहून नाजूक. जुनं लायनर काढण्याआधी ब्लॉकच्या वरच्या फेसपासून प्रत्येक पोर्टची वरची कड किती खाली आहे ते व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा, दोन्ही ब्लॉकचं वेगवेगळं. पोर्ट किती वेळ उघडा राहणार हे त्या उंचीवर ठरतं आणि दोन सिलिंडरमध्ये अर्ध्या मिमीचा फरक पडला तरी एक बाजू दुसरीला ओढत राहते. "बाहेरच्या पोर्टाला मिळवून ग्राइंडरने काढतो" या पद्धतीत खिडकी हमखास मोठी होते. मिलिंगवर मापाने काढणारे इथे आहेत, फक्त शोधावे लागतात आणि थांबावं लागतं.

आता क्रँक. आरडीचा क्रँक प्रेसने जोडलेला, १८० अंशांचा, चार मेन बेअरिंगवर फिरणारा. दोन सिलिंडरच्या मधोमध लॅबिरिंथ सील असतं, म्हणजे खाचा पाडलेली धातूची कडी. ते बदलायचं तर अख्खा क्रँक सोडावा लागतो. रॉडचं वरचं टोक आडवं हलवून बघा, २ मिमीच्या पुढे हललं तर बिग एंड (रॉडचं खालचं बेअरिंग) बदलायची वेळ झाली.

क्रँक दाबणारे उद्यमनगरात भरपूर आहेत, एका सिलिंडरचे क्रँक तर डोळे मिटून करतात. दोन सिलिंडरचा क्रँक म्हणजे चार फ्लायव्हील एका रेषेत आणणं. इथे दुकान निवडण्याची एकच कसोटी पुरते: काम झाल्यावर क्रँक व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावून दाखवतात का? डायल फक्त दोन टोकांना लावली तर मधला वाकडेपणा लपून राहू शकतो. मधल्या बेअरिंगजवळही लावायला सांगा. ०.०३ मिमीपर्यंत चालतं. काटा ०.०५ दाखवत असताना "पळतंय ओ, काय होत नाही" असं ऐकू आलं तर पैसे देण्याआधी परत प्रेसखाली पाठवा. तांब्याच्या हातोड्याचे दोन अचूक फटके आणि डायलचा काटा शून्याकडे, हे करणारी जुनी माणसं इथे आहेत आणि त्यांचं काम बघण्यासारखं असतं. क्रँकचं एक टोक ऐरणीवर आडवं आपटणारा भेटला तर क्रँक उचला आणि निघा.

बेअरिंगची खरेदी मात्र मिस्त्रीवर सोडू नका. आरडीच्या मेन बेअरिंगच्या बाहेरच्या रेसला पिनसाठी भोक असतं, ती पिन क्रँककेसमधल्या (क्रँकभोवतीच्या धातूच्या पेटीतल्या) खाचेत बसते. दुकानात त्याच आतल्या-बाहेरच्या मापाचं साधं बेअरिंग स्वस्तात मिळतं, त्याला ते भोक नसतं, आणि रेस केसमध्ये फिरू लागली की केस कायमचं गेलं. भोक असलेलं बेअरिंग घ्या, आतली मोकळीक (क्लिअरन्स) निदान सी-३ दर्जाची असू द्या. क्रँक केसमध्ये ठेवताना सगळ्या पिना आणि लॅबिरिंथची पिन खाचेत बसल्याची खात्री हाताने करायची. एखादी पिन वर राहिली आणि वरचं केस बोल्टने दाबलं की तडा जातो, आणि तडा गेलेली आरडीची केस कोल्हापुरातच काय, कुठेच सहज मिळत नाही.

फिटिंग, म्हणजे सगळे भाग जोडून इंजिन उभं करणं, ही इथली कमजोर बाजू. फोर-स्ट्रोक आणि डिझेल बांधणाऱ्यासाठी ऑइल सील हे तेल गळू न देणारं रबर असतं. टू-स्ट्रोकमध्ये ते क्रँककेसची हवा बंद ठेवतं. आरडीच्या डाव्या बाजूचं, आल्टरनेटरकडचं सील गेलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), थ्रॉटल सोडल्यावरही इंजिनाचे फेरे वरच टांगून राहतात आणि शेवटी डावा पिस्टन चिकटतो. उजवीकडचं, क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल ओढलं जातं. उजव्या सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. ही लक्षणं कार्ब्युरेटरची समजून महिनाभर जेट बदलत बसलेल्या गाड्या गावात कमी नाहीत.

म्हणून इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी प्रेशर टेस्ट मागा. फिटर नाही म्हणाला तर घरी करा, सामान किरकोळ आहे: ट्यूबच्या रबराचे तुकडे, पत्र्याच्या पट्ट्या, सायकलचा व्हॉल्व्ह, हातपंप आणि १० पीएसआयपर्यंतचं लहान गेज. दोन्ही एक्झॉस्ट आणि एक इनटेक रबर लावून बंद करायचे, दुसऱ्या इनटेकच्या रबराला व्हॉल्व्ह बसवायचा, प्लग घट्ट, आणि ६ पीएसआय हवा भरायची. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत नसेल तर इंजिन पास. दोन सिलिंडर वेगवेगळे तपासायला जाऊ नका. मधलं लॅबिरिंथ सील हवा थोडी सोडतंच, ते त्याच्या घडणीतच आहे, आणि त्यामुळे चांगलं इंजिनही नापास दिसतं. हवा उतरली तर साबणाचं पाणी सीलवर, केसच्या जोडावर, बेस पॅकिंगवर आणि रीड व्हॉल्व्हच्या भोवती लावा, बुडबुडा जागा दाखवतो.

केसच्या जोडाला इथे सढळ हाताने सिलिकॉन थापतात. जास्तीचं आत ओघळून तेलाच्या वाटा बुजवतं. पेट्रोल आणि तेल सहन करणारा, न फुगणारा सीलंट पातळ थरात पुरतो. हेडचे नट तिरक्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, शेवटी अडीच किलोग्रॅम-मीटर टॉर्कवर. टॉर्क पाना नाही असं फिटर म्हणाला तर तुमचा न्या. पहिल्यांदा तापून पूर्ण गार झाल्यावर हेड परत आवळायचं असतं, ते तुमच्याच लक्षात राहील असं धरून चाला. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, गजन पिनचे लॉक नवीन. जुने लॉक परत घालणं ही काटकसर ब्लॉकच्या भिंतीवर उभी रेघ मारते.

इग्निशन इथे अजूनही कानाने लावतात. एका सिलिंडरच्या गाडीला ते जमून जातं. आरडीला ठिणगी पाडणारे दोन पॉइंट आहेत आणि दोघांचा टायमिंग स्वतंत्र. गॅप ०.३ ते ०.४ मिमी, मग प्लगच्या भोकात डायल गेज लावून टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर पोचण्याच्या जागेच्या) आधी २.० मिमीवर पॉइंट उघडला पाहिजे. आधी मूळ प्लेट फिरवून एक सिलिंडर, मग त्या प्लेटला हात न लावता छोटी प्लेट सरकवून दुसरा. क्रम उलटा केला तर पहिला बिघडतो. ठिणगी जास्त आधी पडत असेल तर पिस्टनच्या मधोमध वितळल्यासारखा खड्डा पडतो. प्लग बी८एचएस, गॅप ०.६. चालते म्हणून गरम नंबरचा प्लग घालून देणारे आहेत. सुरू चटकन होते, हायवेवर भोवतं.

ऑटोल्यूब पंप (इंजिनाला टू-टी तेल आपोआप पुरवणारा) काढून टाकायचा सल्ला उद्यमनगरात हमखास मिळतो. आमच्या मते पंप चांगला असेल तर ठेवा. त्याचा कमीत कमी स्ट्रोक ०.२० ते ०.२५ मिमी आहे का ते फीलरने बघा, केबलची खूण जुळवा, आणि नळीतले बुडबुडे पूर्ण निघेपर्यंत हवा काढा. इंजिन नवीन बांधल्यावर पहिल्या टाकीत पंप चालू असतानाही लिटरला २० मिली तेल पेट्रोलमध्ये घाला. पंप काढलाच असेल तर लिटरला ३० ते ४० मिली, आणि मग अणुस्कुरा किंवा आंबा घाट उतरताना थ्रॉटल बंद ठेवून इंजिनवर गाडी अडवायची नाही. पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद, आणि फेरे तर चालूच असतात. अधूनमधून क्लच दाबून थोडा थ्रॉटल द्या.

मॉडिफिकेशनबद्दल थोडक्यात. चेंबर (फुगीर एक्झॉस्ट) वळवून वेल्ड करणारे हात इथे आहेत आणि शिवण देखणी येते. पण चेंबर बसवून, एअरबॉक्स काढून, जेट मात्र जुनेच ठेवले की इंजिन पातळ चालतं. मेन जेट आधी मुद्दाम मोठा घालून प्लगचा रंग बघत एकेक नंबर उतरवायचा, वर चढत जायचं नाही. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं असेल तर सोल्डरची तार पिस्टनवर पिनच्या रेषेत दोन्ही बाजूंना ठेवून क्रँक फिरवा आणि दबलेली तार मोजा; १ मिमीच्या खाली जाऊ नका. पोर्ट वाढवण्याचं काम इथे देऊ नका असं स्पष्ट सांगतो. हात आहे, मशीन आहे, पण मोजून काम करण्याची पद्धत या एका कामात कुठे दिसत नाही. एचटी (हाय टॉर्क) मॉडेलचे ३०.५ अश्वशक्ती किंवा एलटी (लो टॉर्क) मॉडेलचे २७, नीट बांधलेल्या इंजिनातून तेवढे मिळाले तरी रस्त्यावर पुरतात.

इथे एक नवी अडचण वाढली आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल मिळतं. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचं असलं तरी आरडीच्या कार्ब्युरेटरला त्याचं कौतुक नाही. त्याच हवेला साधारण सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे जुन्या जेटवर गाडी आपोआप पातळ होते. इंजिन बांधतानाच एक नंबर मोठा मेन जेट घालून प्लग तपासा. फ्लोटच्या सुईचं रबर आणि पेट्रोल कॉकच्या वॉशरा फुगतात, त्या इथेनॉल सहन करणाऱ्या घ्या. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. इथेनॉल पाणी ओढतं आणि खाली साचलेलं पाणी पायलट जेट पांढऱ्या पुडीने बंद करतं.

वेळेबद्दल: बोअरिंग दोन दिवसांत होतं. क्रँकला आठवडा धरा, लायनरसह ब्लॉकला त्याहून जास्त. ऊस गाळपाच्या हंगामाच्या तोंडावर, दसऱ्याच्या आसपास, कारखान्यांची आणि चरकांची कामं रांगेत पुढे घुसतात, तेव्हा टू-व्हीलरचा जॉब मागे पडतो. उन्हाळ्याच्या शेवटी दिलेला जॉब लवकर हातात येतो. जॉब देताना मापं चिठ्ठीवर लिहून ती ब्लॉकलाच तारेने बांधा: पिस्टनचा व्यास, हवा असलेला क्लिअरन्स, पोर्टला उतार, धुऊन द्यायचा की नाही. तोंडी सांगितलेलं माप संध्याकाळी मशीनवर बसणाऱ्यापर्यंत पोचत नाही.